खत आणि जमिनीचे खाते



शेतावरची बहुतेक संकटे डोळ्यांना दिसतात. तांबेरा पडला तर पान सांगते, पाऊस लांबला तर रोप माना टाकते. पण आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, ती अशी दिसणारी नाही. जमिनीत कॅडमियम, शिसे, सोमल असले जड धातू थोडे थोडे साठत गेले, तरी पीक हिरवेगार राहते, उतारा चांगला येतो आणि बाजारात भावही मिळतो. दिसण्यात, वासात, चवीत काही फरक पडत नाही. म्हणूनच हा विषय भीतीने ऐकण्याचा नसून हिशेबाने समजून घेण्याचा आहे. वर्षानुवर्षे खत घातल्याने जमिनीत असे धातू साठतात, असे आपण अलीकडे ऐकतो. त्यात खरे किती, आणि खरे असेल तर करायचे काय, हे आज पाहू.

प्रथम जड धातू म्हणजे काय? पाण्याच्या साधारण पाचपट किंवा त्याहून अधिक घनता असणाऱ्या धातूंना ढोबळमानाने हे नाव देतात. त्यांतले सगळेच वाईट आहेत असे नाही. जस्त आणि तांबे हेही जड धातूच, पण ते थोड्या प्रमाणात पिकाला हवेच असतात. जस्त कमी पडले की भाताला खैरा रोग होतो, हे भातकरी बंधूंना ठाऊक आहे. पण कॅडमियम, शिसे, पारा यांचे माणसाच्या शरीरात काहीही काम नाही. ते आले तर बिनकामाचे बिऱ्हाड करून राहतात.

धातूंचा एक गुण नीट ध्यानात ठेवा. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, युरियातले नत्र काही पीक घेते, काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर निघून जाते. धातू कुजत नाही आणि जिवाणू त्याचे तुकडे करू शकत नाहीत. जाळला तर काही धुरातून दुसरीकडे जाईल, काही राखेत उरेल, पण नाहीसा होणार नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. गाड्यांच्या धुरातून येणारे शिसे थांबले. पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत जे पडले, ते आपोआप उठून गेले नाही. जमिनीच्या खात्यावर धातू जमा होतो लवकर, खर्ची पडतो फार हळू. आजच्या सगळ्या विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

आता हा धातू खतात येतो कोठून? खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्र मुळात हवेतून मिळवतात, त्यामुळे युरियात जड धातू जवळजवळ नसतातच. पालाश क्षारांच्या खाणींतून येते, त्यातही ते फार थोडे असतात. प्रश्न आहे तो मुख्यतः मधल्या आकड्याचा, म्हणजे स्फुरदाचा. स्फुरद मिळते ते खडकातून, आणि या खडकांपैकी बहुतेक प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेल्या गाळाचे बनलेले आहेत. समुद्रातले सूक्ष्म जीव पाण्यातले कॅडमियम अंगात ओढून घेतात. ते मरून तळाशी बसतात, आणि लक्षावधी वर्षांनी त्या गाळाचा खडक होतो तेव्हा स्फुरदाबरोबर कॅडमियमही त्यात अडकून राहते. ही गोष्ट आजच्या समुद्रातही चालूच आहे. आमच्या कोळणी माकूल साफ करताना आतला भाग काढून टाकतात, ते योग्यच आहे. कारण माकुलाच्या शरीरातले बहुतेक कॅडमियम त्या आतल्या भागातच साठलेले असते. ज्वालामुखीच्या रसापासून बनलेले स्फुरद-खडकही आहेत. रशियाच्या कोला भागातील किंवा दक्षिण आफ्रिकेतील अशा खडकांत कॅडमियम फार कमी असते. म्हणजे खडक कोणत्या खाणीतला, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे स्फुरद-खडकाची मोठी खाण आहे. तरीही देशाच्या गरजेचा मोठा भाग जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून आणावा लागतो.

मी राहतो तो भाग मुंबईतला शीव कोळीवाडा. शीव म्हणजे वेस. मुंबई बेटाची जुनी हद्द येथे होती, म्हणून हे नाव पडले. येथे आता शेत नाही. मग मी हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की आमच्या वस्तीपासून थोड्याच अंतरावर ट्रॉम्बेचा खतकारखाना आहे. १९६५ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि तेथले 'सुफला' महाराष्ट्राच्या गावोगावी पोचले. आणि पहाटे वाशीच्या घाऊक बाजारातून भाजीचे टेंपो निघतात, तेही चेंबूरवरून शीवच्याच रस्त्याने दादरकडे जातात. पोते येथून गावाकडे जाते आणि पालेभाजी गावाकडून येथे येते. शेतकऱ्याच्या जमिनीच्या खात्यावर काय जमा झाले, याच्याशी आमच्या ताटाचा संबंध आहे, आणि तुमच्या ताटाचा तर आहेच.

आता हिशेबाला बसू. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर मांडावा, मुलांना तो सहज करता येईल. युरोपीय संघाने २०१९ साली कायदा केला आणि तो जुलै २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार स्फुरदयुक्त खतात दर किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅडमियम असता कामा नये. आपण हीच वरची मर्यादा हिशेबाला धरू. समजा, एका हेक्टरला, म्हणजे अडीच एकराला, आपण वर्षाला ६० किलो स्फुरद दिले. साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० मिलिग्रॅम, अर्थात ३.६ ग्रॅम कॅडमियम जमिनीत गेले. एका हेक्टरात वरच्या पंधरा सेंटिमीटर थराची माती भरते सुमारे २० लाख किलो. त्यात ३.६ ग्रॅम मिसळले, तर एका किलो मातीत वर्षाला ०.००१८ मिलिग्रॅमची भर पडते. शंभर वर्षांत ०.१८ मिलिग्रॅम. साध्या, न बिघडलेल्या जमिनीत निसर्गतःच किलोमागे ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम कॅडमियम असते. म्हणजे कॅडमियम कमी असलेल्या जमिनीत शंभर वर्षांत ते दुपटीच्याही पुढे जाईल.

आता खर्चाची बाजू. समजा, त्याच हेक्टरात ४,००० किलो भात पिकला आणि दाण्यात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम कॅडमियम गेले. एकूण २०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ ग्रॅम झाले. जमा ३.६ आणि खर्च ०.२. थोडे पाण्याबरोबर खालच्या थरात उतरते, बाकी शिल्लक. सावकाराच्या वहीत व्याज साचते, तसे हे साचत जाते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की रीतसर मात्रेने खत घालणाऱ्याने आज रात्री झोप घालवण्याचे कारण नाही. भर हळू पडते, आणि खडक चांगला असेल तर याहूनही हळू. दुसरी ही, की जो गरजेपेक्षा जास्त घालतो तो ही भर वाढवतो. आडसाली उसाला हेक्टरी १७० किलो स्फुरदाची शिफारस आहे. वरच्याच मर्यादेने हिशेब केला, तर एका लागणीला १० ग्रॅमच्या वर कॅडमियम जाते. शिफारसच एवढी मोठी असताना, शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकायची, ही रीत किती महाग पडते ते पाहा. पैसाही जातो आणि जमिनीच्या नावावर न फिटणारी बाकीही चढते. शिवाय जास्तीच्या स्फुरदामुळे पिकाला जस्त मिळेनासे होते, ते नुकसान निराळेच.

असे खरोखर कोठे घडले आहे काय? घडले आहे. प्रशांत महासागरात नाउरू नावाचे चिमुकले बेट आहे. तेथल्या स्फुरद-खडकात कॅडमियमचे प्रमाण मोठे होते. त्यापासून बनविलेले सुपरफॉस्फेट न्यूझीलंडमध्ये कुरणांवर अनेक दशके टाकले गेले. गवत उत्तम वाढले, मेंढ्या-गुरे पोसली गेली. पण पुढे असे दिसले, की वय झालेल्या जनावरांच्या मूत्रपिंडांत कॅडमियम साठले आहे. अखेर अडीच वर्षांवरच्या जनावरांची मूत्रपिंडे माणसाच्या खाण्यासाठी विकायची नाहीत असे ठरवावे लागले, आणि खतातल्या कॅडमियमवर बंधन आले. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतावर खतांचे प्रयोग चालू आहेत आणि तेथे जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. शंभराहून अधिक वर्षांचे नमुने तपासले, तेव्हा कॅडमियम वाढलेले आढळले. पण ज्या तुकड्यांना कधीच खत दिले नव्हते, तेथेही ते वाढले होते. कारखान्यांच्या आणि कोळशाच्या धुरातून ते हवेवाटे उतरले होते. म्हणजे खत हा एक दरवाजा आहे, एकमेव नव्हे.

कॅडमियम माणसाच्या पोटात गेले तर काय होते, हे जपानने फार मोठी किंमत देऊन जगाला शिकविले. तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला कामिओका खाण होती. खाणीचे सांडपाणी नदीत, नदीचे पाणी भातखाचरांत आणि तेथला भात माणसांच्या पोटात, असे अनेक वर्षे चालले. पुढे तेथल्या स्त्रियांची, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या उतारवयातल्या स्त्रियांची, हाडे ठिसूळ होऊ लागली. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे. वेदनांनी त्या 'इताई, इताई' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'आई गं, दुखतंय' म्हणावे तसे. आणि तेच त्या रोगाचे नाव झाले. १९६८ साली जपान सरकारने या रोगाचे मूळ कॅडमियममध्ये असल्याचे मान्य केले. तेथे दोष खताचा नव्हता, खाणीचा होता, आणि प्रमाणही खतातून येणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठे होते. पण धडा सर्वांना सारखाच आहे. कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते आणि त्यातले निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. ज्या बाईच्या अंगात लोह कमी, तिचे शरीर कॅडमियम अधिक ओढून घेते. आपल्या घराघरांतल्या पांडुरोगी मायबहिणींचा विचार केला, म्हणजे हा धडा दूरचा वाटत नाही.

आता जमिनीकडे वळू, कारण सगळ्या जमिनी सारख्या वागत नाहीत. देशावरची काळी, चिकण, चुनखडीची जमीन धातू घट्ट धरून ठेवते आणि पिकाला सहजासहजी देत नाही. हे आपले भाग्यच म्हणायचे. कोकणातली तांबडी, आम्ल जमीन हात सैल सोडते. तीत कॅडमियम मुळाला लवकर लागू होते. खारट पाण्याने तर ते आणखी मोकळे होते. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या शेतांवर हे दिसून आले आहे, तेव्हा खाजणाकाठी भाजी करणाऱ्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी. भातखाचरात पाणी उभे असते तेव्हा कॅडमियम गंधकाशी जखडून बसते. पाणी काढून खाचर सुकले की ते सुटते. पिकांतही भेद आहे. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या ते अधिक ओढतात, धान्ये त्यांहून कमी आणि फळभाज्या व कडधान्ये साधारणतः आणखी कमी. सर्वांत हावरी म्हणाल तर तंबाखू. बिडी ओढणाऱ्याच्या अंगात न ओढणाऱ्याच्या दुपटीहून अधिक कॅडमियम सापडू शकते. खताच्या पोत्याची काळजी करता करता हातात बिडी धरणे म्हणजे घराचे दार लावून खिडकी उघडी टाकणे होय.

दरवाजा एकच नाही असे मी म्हटले. आपल्या बाजूचा मोठा दरवाजा कोणता, ते शहराजवळच्या शेतकऱ्याने ओळखले पाहिजे. शहराच्या कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टला आपल्या खत नियंत्रण आदेशात मर्यादा घातलेली आहे: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅम, यापुढे नाही. आता पुन्हा हिशेब करा. मर्यादेच्या काठावरचे कंपोस्ट हेक्टरी १० टन घातले, तर त्यातून ५० ग्रॅम कॅडमियम जाईल. मघाच्या ३.६ ग्रॅमशी ताडून पाहा, जवळजवळ चौदापट! आणि मर्यादा न पाळणारा, बॅटऱ्या, रंगाचे डबे, कातडे, प्लास्टिक यांसह कुजविलेला कचरा असेल तर विचारायलाच नको. म्हणजे 'रासायनिक' हा शब्द ऐकून दचकावे आणि 'सेंद्रिय' म्हटले की डोळे मिटावे, असे करून चालणार नाही. आपल्या गोठ्यातले शेणखत आणि महानगराच्या ढिगातले कंपोस्ट यांना एकाच नावाने हाक मारू नये.

नाल्याच्या पाण्याचेही तसेच. मुंबईत रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यांत पालक, माठ, मुळा, भेंडी पिकविण्याची रीत जुनी आहे. 'अधिक धान्य पिकवा' या मोहिमेखाली रेल्वेने अशा जागा लागवडीला दिल्या. हेतू चांगलाच होता. पण कित्येक ठिकाणी या भाजीला नाल्याचे पाणी दिले गेले, आणि अशा भाजीच्या नमुन्यांत संशोधकांना जड धातू आढळले आहेत. आमच्या शीवजवळून वाहणारी मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते तेव्हा पावसाचे पाणी असते. साकीनाका, कुर्ला ओलांडून माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत तिच्यात कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळलेले असते. ज्या खाडीवर येथल्या कोळ्यांच्या पिढ्या जगल्या, त्या खाडीची काय स्थिती झाली, हे त्यांना विचारा. पाणी पुढे वाहून जाते, पण गाळात बसलेला धातू मागेच राहतो. आज हीच स्थिती लहान शहरांच्या कडेच्या शेतांवर येऊ पाहत आहे, म्हणून हा इशारा.

भाजी धुतल्याने हे जाईल काय, असे गृहिणी विचारतात. पानावर बसलेली धूळ आणि तिच्यातले शिसे चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुतले की बरेचसे जाते, म्हणून धुवावीच. पण मुळावाटे पानाच्या आत गेलेले कॅडमियम धुऊन निघत नाही आणि शिजवून नाहीसे होत नाही. ते थांबवायचे तर शेतातच.

मग शेतकऱ्याने करावे काय? खत सोडून द्यावे काय? मुळीच नाही. आपल्या पुष्कळ जमिनींत पिकाला लागू होणारे स्फुरद कमीच आहे, आणि उपाशी जमीन उपाशी माणसेच निर्माण करते. करायचे ते एवढेच. माती तपासून घ्यावी आणि स्फुरद तपासणीप्रमाणेच द्यावे. मागच्या वर्षी घातलेल्या स्फुरदापैकी बरेचसे जमिनीतच पडून असते. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करून ते वापरात आणावे. मृद आरोग्य पत्रिकेत कॅडमियमचा रकाना नसतो, पण सामू, सेंद्रिय कर्ब आणि जस्त यांचे रकाने असतात, आणि ते वाचता आले तर पुष्कळ कळते. सामू कमी असेल तर शिफारशीप्रमाणे चुना द्यावा. सेंद्रिय कर्ब कमी असेल तर घरचे शेणखत आणि हिरवळीचे खत वाढवावे, कारण ह्यूमस धातूला धरून ठेवते. जस्त कमी असेल तर ते भरून काढावे. मुळापाशी जस्त पुरेसे असले की कॅडमियमला आत शिरायला जागा कमी मिळते. शहरी कंपोस्ट घेताना तपासणीचा दाखला मागावा. कारखान्याची राख किंवा मळी फुकट मिळते म्हणून आणू नये, आधी ती कशाची आहे ते पाहावे. आणि कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या नाल्यावर पालेभाजी तर करूच नये.

शिक्षकांनी शाळेत एक साधा प्रयोग करून दाखवावा. दोन सारखे डबे घ्यावेत. एकाच्या बुडाला भोक पाडावे, दुसऱ्याला पाडू नये. रोज दोन्हींत एक-एक वाटी पाणी ओतावे. आठवड्याने भोकाचा डबा रिकामा आणि दुसरा भरत आलेला दिसेल. भोकाचा डबा म्हणजे युरियाचे नत्र, बिनभोकाचा म्हणजे कॅडमियम. वाटी तेवढीच, ओतणारा हात तोच. फरक फक्त बाहेर जाण्याच्या वाटेचा. ज्याला बाहेर जायची वाट नाही, ते आत सोडतानाच मोजून सोडावे, हे मुलांना या दोन डब्यांवरून कळेल.

जमीन ही आपल्याला वाडवडिलांकडून मिळते आणि आपण ती मुलाबाळांच्या हवाली करतो. सातबाऱ्यावर कर्जाची नोंद असली तर ती फेडता येते आणि बोजा उतरवता येतो. जमिनीच्या पोटातल्या खात्यावर मात्र एकदा जमा झालेली रक्कम आपण सहज कमी करू शकत नाही. म्हणून पुढच्या हंगामात पोते फोडण्यापूर्वी माती तपासा, आकडे वाचा आणि मगच खताला हात घाला.